पुणे जिल्ह्यातील जमीन कशी वापरायची, हे नेमके कोण ठरवते?

भूगोलशिक्षक

नमस्कार. मी पुण्यातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. भूमी-उपयोजन हा विषय यंदा विद्यार्थ्यांना पुस्तकातील परदेशी उदाहरणांऐवजी आपल्याच जिल्ह्यावरून शिकवावा असे मनात आहे आणि त्यासाठी येथील सभासदांची मदत हवी आहे.

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर ताम्हिणी-लोणावळ्याकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पुणे शहरात तो ७०० मिलिमीटरच्या आसपास येतो आणि बारामती-इंदापुरात जेमतेम ५०० उरतो. त्यामुळे मावळ-मुळशीत भात, डोंगरउतारावर नाचणी-वरई, मधल्या पट्ट्यात बाजरी आणि पूर्वेच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी अशी जुनी मांडणी होती. ती कोणी कागदावर आखली नव्हती. पाऊस, उतार आणि माती यांनीच ती ठरवून दिली होती.

आज मला असे दिसते की जमिनीचा वापर रस्त्यापासूनचे अंतर आणि गुंठ्याचा भाव या दोनच गोष्टी ठरवतात. शिवाय आराखडे होतात ते महापालिकेच्या, प्राधिकरणाच्या किंवा तालुक्याच्या हद्दीनुसार, आणि पाणी मात्र त्यांपैकी एकही हद्द पाळत नाही. ते नदीच्या खोऱ्यानुसार झाले पाहिजेत, असे माझे मत आहे. आपल्या गावची जमीन तीस वर्षांपूर्वी काय पिकवत होती, आज तिच्यावर काय आहे आणि हा बदल कशामुळे झाला, हे कृपया लिहावे. माझे मत पटत नसेल तर तेही अवश्य लिहावे.

आंदरमावळ

सर, चांगला विषय काढलात. आमचे गाव आंदर मावळात. आमच्याकडे भाताची खाचरे आहेत. खाचर ही एकट्याची मालमत्ता असली तरी त्यातील पाणी एकट्याचे नसते, हे बाहेरून जमीन घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. वरच्या खाचरात पाणी भरले की बांधाच्या तोंडातून ते खालच्या खाचरात उतरते, तिथून आणखी खाली, आणि शेवटी ओढ्याला मिळते. पूर्ण आषाढ-श्रावणात ही साखळी वाहती असते. मधले एक खाचर विकले गेले आणि तिथे फार्महाऊसची कुंपणभिंत उभी राहिली की खालच्या खाचरांचे पाणी तुटते आणि भिंतीच्या वरच्या बाजूला भात कुजते. आमच्या वस्तीत नेमके हेच झाले. ज्यांनी जमीन विकली नाही त्यांचीही शेती त्यामुळे बंद पडली आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनीही विकून टाकली. सातबाऱ्यावर प्रत्येक गट वेगळा दिसतो, पण रानात ते सगळे एकमेकांना बांधलेले असतात.

तरीही मावळ संपला असे मी म्हणणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेल्या इंद्रायणी या भाताच्या वाणाने आमच्या भागाला हात दिला. तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतो आणि व्हॅलेंटाइन डेच्या आधी तो परदेशी जातो. त्यासाठी छाटणी नेमक्या दिवशी व्हावी लागते, कारण फूल चार दिवस उशिरा आले तर निर्यातीचा भाव हातचा जातो.

टेकडीप्रेमी

शहरातही हेच चालले आहे. १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांमधील ९७८ हेक्टर टेकड्या आणि टेकडीउतार जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित झाले, आणि तेव्हापासून तिथे किती बांधकामाला मुभा द्यायची हा वाद मिटलेला नाही. वेताळ टेकडीवरील जुन्या खाणी पाहाव्यात. पावसाळ्यानंतर त्यांत पाणी साठलेले असते आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना त्याचा उपयोग होतो. टेकडीवर पीक निघत नाही म्हणून ती मोकळी आहे, असे समजणे चुकीचे आहे. शहराच्या पोटात पाणी मुरवण्याचे काम ती करते.

अश्मक

टेकडीप्रेमी यांचा मुद्दा खडकाच्या बाजूने थोडा पुढे नेतो. मी भूशास्त्राचा विद्यार्थी होतो आणि माझी अर्धी नोकरी विहिरी-बोअरच्या जागा पाहण्यात गेली.

आपला सगळा जिल्हा बेसाल्टवर उभा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले आणि दख्खनचे पठार तयार झाले. काळा घट्ट पाषाण पाणी धरत नाही. पाणी असते ते वरच्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. म्हणून एका शेतात चाळीस फुटांवर भरपूर पाणी लागते आणि शेजारच्या शेतात तीनशे फूट जाऊनही धूळ निघते. ज्या उतारावर मुरूम उघडा आहे, तिथे पाऊस मुरतो. असा उतार सपाट करून त्यावर इमारतीचा पाया आणि भोवती सिमेंटचे अंगण आले की खालच्या गावाचे पाणी कमी होते, आणि ते का कमी झाले हे त्या गावाला कधीच कळत नाही. जमिनीचा नकाशा करताना पहिला थर हा मुरणाऱ्या जागांचा असावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

दुसरी गोष्ट वाघोलीची. तिथल्या खाणींतून पुण्याच्या बांधकामांना वर्षानुवर्षे खडी पुरवली गेली. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत झिरपलेल्या गरम पाण्यातून खनिजे साचली. दगड फोडताना अशी पोकळी उघडली की आत पांढऱ्या स्टिल्बाइटच्या पाकळ्यांवर बोराएवढा गडद निळा गोळा बसलेला दिसतो, आणि भिंगातून पाहिले तर तो बारीक सुयांच्या गुच्छाचा बनलेला असतो. हे कॅव्हन्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका यांचे हे खनिज जगात फार थोड्या ठिकाणी सापडते, आणि त्याचे सर्वांत सुंदर नमुने वाघोलीचे मानले जातात. जगभरच्या संग्रहालयांत ते वाघोलीच्या नावाने मांडलेले आहेत. वाघोली २०२१ साली महापालिकेत आली. एखादी जुनी खाण भूवारसा म्हणून राखून ठेवता आली असती आणि अजूनही येईल, पण त्यासाठी ती खडीच्या ब्रासमध्ये मोजणे थांबवावे लागेल.

वसुधा

अश्मक, ही माहिती मला नवीन आहे. वाघोलीत दहा वर्षे राहते, पण इथल्या दगडाची अशी ओळख कोणी करून दिली नव्हती. आमच्या सोसायटीला वर्षभर टँकर लागतो. खाणी भरून त्यावर बांधकाम करण्याऐवजी त्यांत पावसाचे पाणी साठवता येणार नाही का?

अश्मक

वसुधाताई, काही खाणींत येईल, पण तळाला घट्ट पाषाण असेल तर पाणी साठेल, मुरणार नाही. आधी तपासणी व्हायला हवी. साठलेले पाणी सोसायट्यांनी वापरले तरी टँकर कमी होतील.

चाकणचौक

सर्वांचे लेखन वाचले. मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे.

चाकणच्या आसपासची बरीच जमीन जिरायती होती. मुरमाड माळ, वर्षाकाठी बाजरीचे एक पीक आणि तेही पावसाच्या भरवशावर. चाकणची बाजारपेठ कांदा-बटाट्यासाठी नावाजलेली असली तरी त्या मालाचा मोठा भाग बागायती गावांतून आणि सातगाव पठारासारख्या भागांतून येत असे. औद्योगिक क्षेत्र आले ते अशा माळावर आले. पाया घट्ट, जागा सपाट, पुणे-नाशिक रस्ता शेजारी आणि भामा नदीचे पाणी जवळ. मोटारींचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले, आणि माझ्या पिढीतील मुलांना मुंबईला हमालीसाठी जावे लागले नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. तेव्हापासून या जिल्ह्याची अर्थव्यवस्था शेती आणि कारखाना या दोन्हींवर उभी आहे. त्यांतील एकालाच पवित्र मानून दुसऱ्याला दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. शेतकऱ्याने जमीन विकू नये, असे शहरातून सांगितले जाते तेव्हा एक प्रश्न विचारावासा वाटतो. त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा आणि आजारपणाचा खर्च दोन एकर बाजरीतून कसा निघावा?

भूगोलशिक्षक

चाकणचौक, आपला मुद्दा मान्य आहे. माझा आक्षेप कारखान्यांना नाही. हलक्या माळावर कारखाना येणे हे तर जमिनीच्या गुणानुसार झालेले उपयोजन आहे. माझी चिंता आहे ती पुढच्या टप्प्यांची, जेव्हा माळ संपतो आणि बागायती जमिनीची पाळी येते.

सासवडकर

ती पाळी आमच्यावर आलेली आहे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्याच वर्षी आमच्या तालुक्यात विमानतळाची घोषणा झाली. प्रस्तावित जागेतील वनपुरी, उदाचीवाडी, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या गावांत अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत.

नकाशावर आमचा तालुका कोरडा आणि खडकाळ दिसतो, म्हणून जमीन हलकी समजली जाते. परंतु अंजिराला हवी असते ती नेमकी अशीच जमीन. चुनखडीचा अंश असलेली, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी, आणि वर कोरडी हवा. भारी काळ्या रानात अंजिराची मुळे कुजतात. आमच्याकडे खट्टा बहार हिवाळ्यात येतो आणि मीठा बहार उन्हाळ्यात. मीठ्या बहाराचे फळ पहाटे तोडून, पानांत रचून, ऊन चढायच्या आत पुण्याच्या बाजारात पोहोचवावे लागते, कारण दुसऱ्या दिवशी ते मऊ पडते. बाजार तासाभरावर आहे म्हणूनच ही बाग परवडते. भरपाई म्हणून पन्नास कोसांवर दुसरी जमीन मिळाली तरी तिथे हे पीक होणार नाही. चाकणचौक यांच्या गावी जे झाले ते त्यांच्या जागी योग्य असेल, पण हलकी जमीन म्हणजे टाकाऊ जमीन हे समीकरण आमच्या तालुक्याला लागू होत नाही.

माळरान

सासवडकर यांचे शेवटचे वाक्य मी सुपे, शिरसुफळ, कडबनवाडीच्या माळांसाठीही वापरेन. महसुली दप्तरात ही जमीन पडीक. प्रत्यक्षात तिथे पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आहेत, चिंकारा आहे, लांडगा आहे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले, क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर. चिंकारा त्या सीमेत राहत नाही. तो भोवतालच्या माळांवर आणि हरभऱ्याच्या रानात फिरतो.

या माळांवर धनगरांचे कळप जगतात. पावसाळ्यात कळप इकडे कोरड्या भागात असतात आणि दिवाळीनंतर धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबे, घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी रात्री आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात आणि त्याबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. ज्या रानात कळप बसला त्या रानाला त्या वर्षी विकतच्या खताची गरज कमी लागते. म्हणजे माळ, मेंढी, मावळातील खाचर आणि कोकणातील शेत ही एकच व्यवस्था आहे. पडीक म्हणून माळावर सलग झाडे लावली किंवा सौर पट्ट्यांचे कुंपण घातले, की ही व्यवस्था तुटते. झाडे लावणे प्रत्येक ठिकाणी पुण्यकर्म नसते, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहीत आहे.

घोडनदी

माळरान यांनी पशुपालनाचा उल्लेख केला म्हणून एक जुना संदर्भ. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत सातू पिकवला जात होता, आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी बांध व पाट घातल्याचे पुरावे मिळाले. पुढे हवामान कोरडे होत गेले, तसे लोक शेतीकडून पशुपालनाकडे वळले, असे उत्खननकर्त्यांचे मत होते. या भूमीत पाण्यानुसार जगणे बदलावे लागते, हे तेव्हाच्या लोकांनाही करावे लागले.

नीराकाठ

मी बारामती तालुक्यातील ऊस उत्पादक आहे. धाग्यात आतापर्यंत उसाचा विषय आला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण तो येणारच आहे आणि ऊस उत्पादकाला पाणी पिणारा म्हणून दोषही दिला जाणारच आहे. म्हणून आधीच लिहितो.

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. भाटघर धरण १९२०च्या दशकात पूर्ण झाले. त्याआधी आमचा भाग दुष्काळी होता. कालव्याने ऊस आणला, उसाने साखर कारखाने आणले, आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील सहकारी कारखान्यांनी रस्ते, शाळा आणि दवाखाने उभे केले. उसाला कायद्याने ठरवलेला किमान दर आहे. कांदा दोन रुपये किलो झाला तर त्याला विचारणारे कोणी नसते, आणि टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागला तरी सरकार हस्तक्षेप करत नाही. ज्या दिवशी ज्वारी-हरभऱ्याला उसासारखी खात्रीची खरेदी मिळेल त्या दिवशी शेतकरी स्वतःहून ऊस कमी करील.

पण उसाच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवणार नाही. आमच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्याने जमीन चोपण झाली आहे. भारी काळ्या मातीत निचरा कमी, त्यात पाटाने दिलेले पाणी गरजेपेक्षा जास्त, त्यामुळे भूजल वर येते आणि उन्हाने वाफ होऊन क्षार वर राहतात. उन्हाळ्यात अशा रानावर पांढरा पापुद्रा दिसतो. पायाने दाबला तर तो कुरकुरतो आणि खालची माती तेलकट काळी, चिकट लागते. उगवण विरळ होते, उसाची पाने टोकाकडून करपतात. जिप्सम घालणे, ताग-धैंचा गाडणे आणि भूमिगत निचऱ्याचे पाइप टाकणे हे उपाय आहेत, पण पाइपांचा खर्च एकट्याला झेपत नाही आणि वरच्या शेतकऱ्याने पाणी जास्त दिले तर खालच्याचा निचरा वाया जातो. २००९ मध्ये माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आली, तिथे अशा जमिनींवर काम चालते. सरांच्या विद्यार्थ्यांनी ती पाहावी.

टेलचा_शेतकरी

नीराकाठ यांचे म्हणणे कालव्याच्या वरच्या टप्प्यातील आहे. आम्ही शेवटच्या टोकाला, इंदापूर तालुक्यात, खडकवासल्याच्या मुठा उजव्या कालव्यावर. हा कालवा २०२ किलोमीटर लांब आहे. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला मिळून साठवण २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातून आधी शहर पिते, मग कालवा सुटतो, मग वाटेत पाणी उपसणाऱ्या मोटारी लागतात, आणि आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) जाहीर झाल्यावर आमच्या चारीत, म्हणजे शेताकडे येणाऱ्या छोट्या पाटात, पाणी येते तेव्हा पीक अर्धे वाळलेले असते. उन्हाळी आवर्तन मिळेल की नाही हे आम्हाला मार्चपर्यंत कळत नाही आणि पेरणी तर जानेवारीतच करावी लागते. शहराने पाणी पिऊ नये असे आमचे म्हणणे नाही. पिण्याचे पाणी सर्वांत आधी, हे आम्हालाही मान्य आहे. परंतु शहर हद्द वाढवते, नवी गावे घेते, इमारतींना परवानगी देते, त्या वेळी त्यांचे पाणी कुठून येणार हे आमच्याशी बोलून ठरवले जात नाही. आमच्या शेताचा वापर शहराच्या बांधकाम परवान्यांनी ठरतो, हे सरांच्या प्रश्नाचे माझे उत्तर आहे.

मुळामुठा

टेलचा_शेतकरी यांच्या लेखनाला जोडून दुसरी बाजू. शहर जे पाणी पिते ते सांडपाणी होऊन पूर्वेलाच जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) प्रक्रिया केलेले पाणी जुन्या कालव्यात सोडले जाते, आणि पुरंदर उपसा सिंचन योजनाही मुळा-मुठेचेच पाणी उचलते. कागदावर ही उत्तम योजना आहे. अडचण अशी की येणारे पाणी पुरेसे शुद्ध झालेले असतेच असे नाही. हवेली-दौंडच्या आमच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्याला वास येतो, जनावरे ते पीत नाहीत आणि पाण्यात उतरले की अंगाला खाज सुटते. त्याच पाण्यावर कोथिंबीर, मेथी आणि फ्लॉवर पिकतो आणि पहाटे मार्केट यार्डात जातो. पुण्याच्या रहिवाशांनी याचा विचार स्वतःच्या ताटापुरता तरी करावा. उरलेले पाणी भीमेतून उजनी धरणाला जाते. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी. भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी पाहायला लोक येतात, आणि तिथेच धरणग्रस्त व मच्छीमार कुटुंबे चिलापी पकडून जगतात.

टेकडीप्रेमी

मुळामुठा, हे वाचून अस्वस्थ झाले. शहरात आम्ही नदीसुधार म्हणजे काठाचे बांधकाम एवढेच बोलतो. सांडपाणी पूर्ण शुद्ध करणे ही पहिली मागणी असायला हवी.

कुकडीकर

जुन्नर तालुक्याबद्दल थोडक्यात. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी आमचा भाग बागायती केला. नारायणगावचा टोमॅटो, द्राक्ष आणि पुढे ऊस. याच तालुक्यात खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि रेडिओ लहरींचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. शांतता हेही नैसर्गिक संसाधन असू शकते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

उसाने मात्र बिबट्याला घर दिले. उंच, दाट, वर्षभर उभे पीक, आत गारवा आणि बाहेर कुत्री-शेळ्या. मादी उसातच पिल्ले घालते आणि तोडणीच्या वेळी ती उघड्यावर येतात. आमच्या आसपास माणसे गेली आहेत, लहान मुले गेली आहेत. रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणारा शेतकरी जीव मुठीत धरून जातो. शेतीला दिवसा वीज ही आमच्याकडे जगण्या-मरण्याची मागणी आहे. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र चांगले काम करते, पण पीकपद्धती बदलल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

हिरडेबन

भीमाशंकरच्या बाजूचे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिमेला महादेव कोळी समाजाची गावे आहेत. आमची जमीन म्हणजे थोडे भात आणि बाकी हिरड्याची झाडे. एप्रिल-मे महिन्यांत कोवळा बाळहिरडा गोळा करतात. ताजे फळ हिरवे असते. घरापुढे अंगणात पसरून उन्हात वाळवले की ते काळे, सुरकुतलेले, टणक होते आणि हातात घेऊन हलवले तर खडखडते. तो आवाज आला की माल तयार झाला. औषधासाठी तो व्यापारी किंवा आदिवासी विकास महामंडळ घेते. पावसाळ्याआधी हाती येणारी हीच रोकड असते, त्यातून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि बियाण्याचा खर्च भागतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने पिढ्यान्‌पिढ्यांची झाडे पडली, तेव्हा फळबागेची भरपाई देताना हिरडा पीक आहे की जंगल, हाच प्रश्न उभा राहिला. आमच्यासाठी तो दोन्ही आहे.

उताराबद्दलही सांगते. आमच्याकडे पडकई करतात, म्हणजे गावाने मिळून हाताने ताली (बांध) घालून खाचर तयार करायचे. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर आला, सुमारे दीडशे माणसे गेली. अतिवृष्टी हे कारण होतेच, पण उतारावर यंत्रे लावून केलेल्या सपाटीकरणाचीही चर्चा तेव्हा झाली. हाताने घातलेली ताल पावसाचा अंदाज घेत हळूहळू उभी राहते. यंत्राला तेवढा वेळ नसतो. आज त्याच यंत्रांनी डोंगर कापून बंगल्यांचे रस्ते होत आहेत.

चाकणचौक

हिरडेबनताई, तुमचे लेखन वाचून बोलणे भाग पडले. उतारावर बांधकामाला परवानगी देऊ नये, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. उद्योगाला डोंगर लागत नाही. एक भर घालतो. भामा-आसखेडचे धरण सिंचनासाठी बांधले गेले, पण २०२१ पासून त्याचे पाणी पुण्याच्या पूर्व भागाला जाते. ज्यांची जमीन धरणात गेली, त्यांना कालव्याची शेतीही मिळाली नाही. धरणग्रस्तांचा हा हिशेब प्रत्येक खोऱ्यात बाकी आहे. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तेव्हापासून तो बाकीच आहे. मुळशीचे पाणी तर वीजनिर्मितीसाठी घाटाखाली भिऱ्याला जाते, म्हणजे खोऱ्यातूनच बाहेर पडते.

आंदरमावळ

इथे सरांच्या मूळ मताबद्दल मला शंका आहे. खोऱ्यानुसार आराखडा करा म्हटले, तर खोऱ्यात सर्वांत जास्त मतदार आणि पैसा शहरात आहे. निर्णय पुन्हा शहराच्याच बाजूने लागेल. आम्ही वरच्या टोकाला, टेलचे शेतकरी खालच्या टोकाला, आणि दोघांचाही आवाज लहान. हद्द बदलल्याने अधिकार बदलतील का?

भूगोलशिक्षक

आंदरमावळ, या शंकेने मला माझे मत अधिक नेमके मांडणे भाग पडले. खोऱ्याचा नकाशा पुरेसा नाही. त्यात काही जागा कोणाच्याही मतदानाने बदलता येऊ नयेत. अश्मक म्हणतात त्या मुरणाऱ्या जागा, हिरडेबन म्हणतात ते तीव्र उतार, आंदरमावळ यांच्या खाचरांतील पाण्याच्या वाटा आणि माळरान यांची गवताळ राने. या आधी निश्चित व्हाव्यात, आणि उरलेल्या जागेत शहर, कारखाना आणि शेती यांनी वाटाघाट करावी. आणि नव्या इमारतीला परवानगी देताना तिच्या पाण्याचा व सांडपाण्याचा हिशेब कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यापुढे ठेवला जावा. हे कायद्यात कसे बसवायचे हे माझे क्षेत्र नाही. येथे कोणी वकील किंवा नगररचनाकार असतील तर त्यांनी लिहावे.

नीराकाठ

सर, त्या यादीत खोल काळी जमीनही घाला. ती तयार व्हायला हजारो वर्षे लागली आहेत. आमच्याकडे रस्त्याच्या कामासाठी तिच्यावरून मुरमाचा भराव टाकला जातो आणि पुन्हा ती कधीच शेतीखाली येत नाही.

टेलचा_शेतकरी

हिशेब पुढे ठेवणार असाल तर तो डिसेंबरच्या आत ठेवा. त्यानंतर आमची पेरणीची वेळ निघून जाते. विद्यार्थ्यांना कालव्यावर आणायचे असेल तर उन्हाळी आवर्तनाच्या वेळी आणा. पहिल्या दिवशी खडकवासल्याच्या दरवाजापाशी विसर्ग किती सोडला ते लिहून घ्या आणि आमच्या चारीपाशी येऊन किती पोहोचला ते मोजा. मोजमापाचे साहित्य आणि राहायची सोय आम्ही गावात करू.